चार इंच

लढाईच्या काळात गोपीनाथ सुर्वे आसामात लष्कराच्या गाड्या चालवायचा. परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती, अंगात मुरलेला हिवताप होता आणि जीपगाडीची नट-बोल्टापर्यंतची ओळख होती. पुढे ती ओळखच त्याच्या पोटापाण्याला उपयोगी पडली. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ कचेरी असलेल्या एका सेवाभावी मंडळाने कल्याणात दवाखाना उघडला आणि लष्कराने लिलावात काढलेली एक जुनी जीप त्यासाठी घेतली. चारही चाकांना जोर पोचणारी, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली ती गाडी हाकायला दुसरं कुणी धजेना, म्हणून मंडळाने गोपीनाथला ठेवून घेतलं. बायको सगुणा आणि दोन मुली यांच्यासह तो ठाकुर्लीला एका खोलीत राहू लागला.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी जीप खेड्यांवर निघायची. गोपीनाथच्या शेजारी दवाखान्याच्या नर्स मंदाकिनी केळकर बसायच्या. बाई डोंबिवलीच्या, चाळिशीच्या, विधवा. मोजकं बोलायच्या, पण बाळंतपणाच्या कामात त्यांचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. गोपीनाथ त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचा.

मुरबाडच्या रस्त्याने जाऊन कच्च्या वाटेला लागलं की शेवटचं गाव खैरपाडा. गावाच्या अलीकडे मोठा ओढा होता. ओढ्यावर पूल नव्हता, दगडांची बसकी फरशी होती. उन्हाळ्यात तिच्यावरून पोरं गुरं न्यायची. पावसाळ्याचे तीन महिने मात्र फरशी पाण्याखाली असायची. पाणी कधी गुडघाभर, कधी मांडीभर. धडधाकट माणूस काठी टेकत पार व्हायचा. आजारी, म्हातारी आणि पोटुशी बाई यांच्यासाठी भिवाची होडी होती. फरशीच्या वरच्या अंगाला पाणी संथ होतं, तिथून भिवा होडी लोटायचा. गाव त्याला सुगीला घरटी पायलीभर भात द्यायचं.

जीप अलीकडच्या काठावरच थांबायची. लढाईत आणि लढाईनंतर तिने इतकं ओझं वाहिलं होतं की तिचे कमानपाटे पार बसून गेले होते. कमान राहिलीच नव्हती, पोलादाच्या सरळ पट्ट्या झाल्या होत्या. कच्च्या वाटेच्या चाकोऱ्यांत गाडीचं पोट मातीला घासायचं आणि ओढ्यात घातली तर पंखा पाणी उडवून इंजीन बंद पाडायचा. मग बाई साडीचा ओचा खोचून, डोक्यावर औषधांची पेटी घेऊन होडीत बसायच्या आणि गोपीनाथ काठावर विड्या ओढत त्यांची वाट बघायचा. हे त्याला फार लागायचं. आसामात याच गाड्या त्याने याहून खोल पाण्यातून काढल्या होत्या.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात तो ठाण्याला मंडळाच्या कचेरीत गेला. चिटणीस विश्रामराव प्रधान चौकोनी चष्मा लावून पत्रं वाचत होते.

"साहेब, गाडीचे पाटे बसलेत. दुरुस्त करून घेऊ का?"

"घ्या की. पावसाळ्याच्या आत घ्या," विश्रामराव म्हणाले आणि पुन्हा पत्राकडे वळले.

गोपीनाथने याहून जास्त काही सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलंही असतं. पण विचारलं नाही, आणि त्यालाही ते बरंच वाटलं.

कल्याणला खाडीच्या बाजूला काळुराम लोहाराचा भाता होता. बैलगाड्यांच्या धावा बसवता बसवता काळुराम मोटारींचे पाटेही करायला शिकला होता. दोघांनी आठवडाभर खपून जीप उचलली. जुने पाटे सोडवून भट्टीत लाल केले, ठोकून त्यांना पुन्हा कमान आणली, तेलात बुडवून पाणी दिलं. मोडीतल्या एका लष्करी ट्रकचे पाटे कापून प्रत्येक चाकाला दोन-दोन वाढवले. पाटे ज्या कड्यांवर झुलतात त्या कड्याही लांब केल्या. पहिल्यांदा गाडी रस्त्यावर काढली तर स्टिअरिंग हातात राहीना, जीप आपल्या मर्जीने डावी-उजवीकडे जाऊ लागली. गोपीनाथने परत येऊन पुढच्या आसाखाली लोखंडी पाचरी बसवल्या, तेव्हा ती सरळ चालू लागली. ब्रेकच्या नळ्या कमी पडत होत्या, त्या लांब घातल्या. धुराचा नळ वाकवून मागून वर काढला. सगळं झाल्यावर काळुरामने टेप लावला.

"चार इंच," तो म्हणाला. "आता हिच्या पोटाखालून कोंबडी जाईल उभी."

त्या पावसाळ्यात जीप पहिल्यांदा फरशीवर उतरली तेव्हा पलीकडे अर्धा गाव जमला होता. गोपीनाथने पंख्याचा पट्टा काढून ठेवला, खालचा गिअर टाकला आणि पायाचा दाब कमी-जास्त न करता सावकाश गाडी पाण्यात घातली. पाणी पायाखालच्या पत्र्याशी आलं, आत थोडं शिरलं, बाईंनी पाय वर घेतले. मग पुढची चाकं पलीकडच्या चिखलात चढली. लोक आ वासून बघत होते. आवडाबाई नावाच्या एका म्हातारीने पुढे होऊन जीपच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं.

दोन पावसाळे असे गेले. बाळंतीण अडली की खैरपाड्याचा माणूस धावत रस्त्यावर यायचा, मिळेल त्या गाडीने कल्याण गाठायचा आणि दीड-दोन तासांत जीप दारात उभी राहायची. तापाने फणफणलेली पोरं, पायावर कुऱ्हाड बसलेला एक गडी, विंचू चावलेली एक नवरी, असे कितीतरी जण गोपीनाथने त्या ओढ्यातून काढून कल्याणच्या इस्पितळात पोचवले. सगुणा म्हणायची, "घरात दोन खिळे ठोकायला सांगितलं तर महिना लावता, आणि त्या गाडीसाठी रात्रंदिवस." पण शेजारणींशी बोलताना तीच हे किस्से रंगवून सांगायची.

भिवाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. गोपीनाथचंही नाही. चोपन्नच्या सुगीला गावाने त्याला भात दिलं ते निम्म्या घरांनीच, आणि तेही हात आखडून. आजारी माणसं जीपमधून जाऊ लागली होती, बाकीचे पाण्यातून चालत जात होते. होडीत बसणार कोण? दिवाळीनंतर भिवाने होडी मुंब्र्याकडच्या एका माणसाला विकली आणि खाडीत रेती काढायच्या कामाला लागला. जाताना तो गोपीनाथला वाटेत भेटला होता. डोक्यावर वळकटी होती.

"कुठं निघालास?" गोपीनाथने गाडी थांबवून विचारलं.

"रेतीवर. तुमच्या गाडीनं बरा झाला गावाचा," भिवा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गोपीनाथने त्याला कल्याणपर्यंत जीपमधून सोडलंही.

पुढच्या मार्च महिन्यात एका वळणावर समोरून उधळलेली बैलजोडी आली. गोपीनाथने स्टिअरिंग झटक्याने वळवलं आणि जीप दोन चाकांवर उभी राहिली. क्षणभरच. मग धाडकन चारही चाकांवर आली. बाईंचा खांदा लोखंडी दांड्यावर आपटून काळानिळा झाला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाईंनी घडलं ते सांगितलं. त्यात कुणाची तक्रार करायचा हेतू नव्हता. डॉक्टरांनी ते महिन्याच्या अहवालात लिहिलं आणि अहवाल ठाण्याला गेला.

मंडळाच्या सभासदांत एक इंजिनिअर होते. त्यांनी कल्याणला येऊन जीप पाहिली. जमिनीवर बसून खाली डोकावले, कड्यांना हात लावला, गाडीच्या कडेला उभं राहून तिला जोर देऊन हलवलं. गोपीनाथ बाजूला हात बांधून उभा होता.

"हे कुणी केलं?"

"मीच, साहेब. लोहाराकडून."

"काम हलकं नाही केलेलं," इंजिनिअर म्हणाले, आणि गोपीनाथला वाटलं, सुटलो. "पण गाडी जेवढी उंच तेवढी उलटायला सोपी. कारखान्याने तिची उंची हिशोबाने ठेवलेली असते. उद्या हिच्यात पेशंट असताना ही कलंडली तर कोण जबाबदार? आणि मूळ गाडीत असा बदल केलाय म्हटल्यावर विम्याची कंपनी हात वर करील."

"साहेब, पण ओढ्याला..."

"मला ओढा माहीत नाही, गोपीनाथ. मला गाडी माहीत आहे."

ते खोटं बोलत नव्हते. हेच गोपीनाथला नंतर पुन्हा पुन्हा आठवायचं. गाडी खरंच दोन चाकांवर उभी राहिली होती. तो ठाण्याला जाऊन विश्रामरावांनाही भेटला. विश्रामरावांनी त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"तुम्ही मला पाटे दुरुस्त करतो म्हणालात. उंची वाढवतो म्हणाला नव्हतात," ते शांतपणे म्हणाले.

गोपीनाथने चहाचा कप खाली ठेवला.

"तुमचा हेतू चांगला होता हे मला कळतं. पण मंदाकिनीबाईंना काही झालं असतं तर? आपण असं करू, गाडी पूर्ववत करू. पुलासाठी मंडळातर्फे मी सरकारकडे अर्ज करतो. आजच करतो."

विश्रामरावांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला. मे महिन्यात काळुरामच्या भात्यापाशी जीप पुन्हा खाली आली. वाढवलेले पाटे निघाले, लांब कड्या निघाल्या. संध्याकाळी हात धुताना काळुराम म्हणाला, "आपल्याला काय, सांगतील तसं करायचं."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस सारखा पाऊस लागला. चौथ्या दिवशी सकाळी खैरपाड्याचा एक जण चिखलाने माखून दवाखान्यात आला. पहाटे पाण्यातून पोहून निघाला होता, तेव्हा पाणी छातीभर होतं. आवडाबाईची सून शेवंती अडली होती. पहिलटकरीण होती.

नऊच्या सुमारास जीप ओढ्यावर पोचली. वाटेत दोनदा तिचं पोट चाकोरीत अडकलं. गोपीनाथ आणि तो माणूस उतरून फावड्याने माती ओढत राहिले. फरशी दिसतच नव्हती. कुठे आहे ते पाण्यावरच्या खळखळाटावरून ओळखायचं. पलीकडच्या काठावर माणसं उभी होती. त्यांनी शेवंतीला बाजेवर घालून आणलं होतं आणि बाजेवर घोंगड्या आणि इरली धरली होती. अंतर फार नव्हतं. माणसं ओळखू येत होती, आवाज मात्र पाण्यात बुडत होते.

गोपीनाथने पंख्याचा पट्टा काढला आणि गाडी पाण्यात घातली. त्याला ठाऊक होतं की जमणार नाही. तरी घातली. चौथ्या-पाचव्या हातावर पाणी बॉनेटशी आलं, इंजीन दोनदा धापलं आणि थांबलं. प्रवाह गाडीला कडेला लोटू लागला. अलीकडे चार-सहा गुराखी आणि वाटसरू जमले होते, त्यांनी मागच्या आकड्याला दोर बांधून जीप ओढून काढली. पाटे उंच असते तरी आज निघालो असतो का, हे गोपीनाथला त्या वेळी सांगता आलं नाही, पुढेही कधी सांगता आलं नाही. कधी वाटायचं, निघालो असतो. कधी वाटायचं, नसतो.

"दोर माझ्या कमरेला बांधा," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्हाला पोहता येत नाही."

"म्हणून तर दोर बांधा म्हणते."

गुराख्यांनी दोर बांधला. गोपीनाथ पुढे झाला, बाई त्याचा खांदा धरून मागे. सहा पावलं गेल्यावर बाईंचे पाय सुटले. दोघंही पाण्याखाली गेली, मागच्यांनी दोर खेचला. काठावर आल्यावर बाई खोकत राहिल्या. औषधांची पेटी वाहून गेली होती.

मग आवडाबाई पलीकडच्या काठावर अगदी पाण्यापाशी आली. तिने हाक मारली, ती ऐकू आली नाही. तिने आपला उजवा हात वर केला, डाव्या हाताने त्याच्या मनगटाला धरून दाखवलं आणि तो हात खाली आपल्या ओटीपोटाशी नेला. पुन्हा तसंच केलं.

बाई बघत राहिल्या.

"काय म्हणते ती?" गोपीनाथने विचारलं.

"मुलाचा हात आधी आलाय. मूल आडवं आहे." मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हे माझ्यानेही होण्यासारखं नाही. इस्पितळातच न्यायला हवी."

"मी पोहून जातो."

"जाऊन काय करणार तुम्ही?"

खरंच, काय करणार होता? तिला पाठीवर घेऊन पोहून आणणार होता? त्याने तरीही सदरा काढला. बाईंनी त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं. गेल्या पाच वर्षांत बाईंनी त्याला कधी हात लावला नव्हता.

बाई काठावर उभ्या राहून हातांनी सांगत राहिल्या: ओढू नका, तिला कुशीवर निजवा, अंगावर ऊब ठेवा. आवडाबाई मान हलवायची, बाजेकडे जायची, परत यायची. कधी तिला समजलेलं असायचं, कधी नसायचं. दोनदा शेवंतीची किंकाळी पाण्यावरून आली. तेवढाच एक आवाज स्पष्ट ऐकू आला. शेवंतीचा नवरा एका दगडावर पाठ फिरवून बसला होता. गोपीनाथने गाडीचं झाकण उघडून प्लग पुसले, पुन्हा बसवले, पुन्हा काढून पुसले. इंजीन बाराच्या सुमारास चालू झालं. चालू झालेली गाडी घेऊन तो काठावर बसून राहिला.

होडीचा विषय अलीकडच्या एका म्हाताऱ्या गुराख्याने काढला. मनात काही न ठेवता तो म्हणाला, "भिवा असता तर वरल्या डोहातनं आनली असती. याच्याहून जास्त पान्यात त्याने मानसं काढलेली."

गोपीनाथने त्याच्याकडे पाहिलं. म्हातारा वरच्या अंगाला बघत होता. तिथे पाणी रुंद होतं, पण खळखळ नव्हती. होडी बांधायचा खुंट तेवढा पाण्यातून वर आलेला होता.

पाऊस एकला थांबला. चारच्या सुमारास पाणी मांडीपर्यंत उतरलं, तेव्हा सहा जणांनी बाज खांद्यावर घेऊन शेवंतीला अलीकडे आणलं. बाईंनी तिच्या पोटाला हात लावला, कान लावला आणि मान हलवली. मूल गेलं होतं. शेवंतीचे डोळे उघडे होते. तिने गोपीनाथकडे पाहिलं असं त्याला वाटलं, पण ती कुणाकडेच बघत नसावी. जीपच्या मागच्या भागात तिला आडवी केली, आवडाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गोपीनाथने गाडी इतकी सांभाळून हाकली की कल्याणला पोचायला रोजच्यापेक्षा पाऊण तास जास्त लागला; आणि जोरात हाकायला हवी होती की सावकाश, हेही त्याला कळेना. प्रत्येक चाकोरीत गाडीचं पोट घासलं की आवडाबाई सुनेचं डोकं दोन्ही हातांनी धरायची.

इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. शेवंती तीन दिवस तापात होती. चौथ्या दिवशी दुपारी गेली.

विश्रामरावांना बातमी कळली तेव्हा ते स्वतः कल्याणला आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी पुलाच्या अर्जाचं आलेलं उत्तर गोपीनाथला दाखवलं. मागणी विचाराधीन होती. "मी पुन्हा लिहितो," ते म्हणाले. "यात शेवंतीचं नाव घालून लिहितो." त्यांनी तसं लिहिलंही. जीप पुन्हा उंच करण्याचा विषय गोपीनाथने काढला, तेव्हा ते म्हणाले, "बैठकीत मांडतो." बैठकीत इंजिनिअरांनी तेच सांगितलं जे आधी सांगितलं होतं, आणि ते आताही खोटं नव्हतं.

पाऊस सरल्यावर एका रविवारी गोपीनाथ भिवाला शोधत खाडीवर गेला. भिवा नुकताच पाण्यातून वर आला होता. बुडी मारून बादलीने रेती काढायची, दिवसभर तेच काम. डोळे लाल झाले होते.

"भिवा, परत ये. गावाला मी सांगतो, भात देतील."

"होडी कुठं हाय?"

"करू काहीतरी. मंडळाला सांगतो होडी घ्यायला."

"तीन म्हयने होडी चालवायची. बाकी नऊ म्हयने काय खाऊ?" भिवाने डोक्याचं फडकं पिळलं. "हितं रोज तरी मिलतो. शेवंती माझ्या चुलतभावाची सून. मला वाईट वाटला नसंल काय?"

गोपीनाथ काही वेळ त्याच्याजवळ बसला. मग मुकादमाने हाक मारली आणि भिवा पुन्हा पाण्यात गेला.

त्या हिवाळ्यात जीप पूर्वीसारखीच दर मंगळवारी आणि शुक्रवारी खैरपाड्याला जायची. ओढ्यात पाणी नव्हतं. गोपीनाथला कुणी कधी काही बोललं नाही. लोक रामराम करायचे, ताक द्यायचे. त्यापेक्षा कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तो एकदा सगुणाला म्हणाला. सगुणा म्हणाली, "कशाला देतील? त्यांना माहीत आहे तुमच्या हातात काय होतं ते."

"माझ्या हातात होतं तेव्हाच तर मी होडी घालवली," तो म्हणाला. सगुणाला ते नीट कळलं नाही.

एप्रिलच्या शेवटी आवडाबाई जीपपाशी आली. बाई एका घरात पोरांना लस टोचत होत्या. आवडाबाईबरोबर तिची धाकटी सून होती, सोळा-सतरा वर्षांची, पदराआड तोंड लपवून उभी.

"हिला औंदा श्रावनात दिवस भरतील," आवडाबाई म्हणाली.

गोपीनाथने मुलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आवडाबाई, आषाढ लागला की हिला ठाकुर्लीला आमच्याकडे आणून सोडा. माझी बायको बघेल. एकच खोली आहे, पण बघेल. इस्पितळ जवळ आहे तिथून."

आवडाबाईने नकारार्थी मान हलवली.

"आषाढात लावनी," ती म्हणाली. "शेवंती गेली. थोरला तवापासून घरात नसतोच. आता हिच्याबिगर शेतात कोन उतरंल? जमिनीचा मालक हिला सोडायचा नाय."

"मी बोलतो त्याच्याशी."

"बोला," आवडाबाई म्हणाली. पण बोलून काय होणार हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिने सुनेला पुढे केलं आणि साध्या आवाजात विचारलं, "त्या वक्ताला तुमी याल ना?"

मंदाकिनीबाई तेवढ्यात बाहेर आल्या होत्या. त्यांनी प्रश्न ऐकला आणि पेटी हातात धरून त्या तिथेच थांबल्या. गोपीनाथने स्टिअरिंगवर हात ठेवला होता. येतो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर त्या पोरीसमोर कसं म्हणायचं? आवडाबाई उत्तराची वाट बघत उभी राहिली आणि तो उगाच, पुसायची गरज नसलेली काच पुसत राहिला.